रस्ता सर्वांचा, उत्कर्ष पेठेचा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या संमेलनात शिष्यवृत्त्या, वधूवर-सूचक केंद्र, वसतिगृहाचा निधी असे विषय निघावयाचे, तेथे रस्त्यासारखा रूक्ष विषय मी का निवडला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. रस्ते हा नगरपालिकेचा विषय, त्याच्याशी ज्ञातिमंडळाचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. परंतु थोडा विचार केला असता हा संबंध फार जवळचा आहे असे दिसून येईल. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ जुन्या पेठांतील दुकानांवर चालतो. कित्येकांचे वडिलोपार्जित वाडे त्याच पेठांत आहेत. आपली वृद्ध मंडळी त्याच रस्त्याने देवदर्शनास जातात, मुले त्याच रस्त्याने शाळेत जातात आणि गृहिणी त्याच रस्त्याने बाजारहाट करतात. पेठ उतरणीला लागली की दुकान उतरणीला लागते, वाड्याची दुरुस्ती लांबणीवर पडते, हाताशी आलेला मुलगा उपनगरात बिऱ्हाड थाटतो, आणि एके काळी एका हाकेवर जमणारी माणसे दूरदूर विखुरली जातात. पेठेचे जे होईल तेच बऱ्याच अंशी आपलेही होणार आहे. म्हणून पेठेचा उत्कर्ष आणि तिच्यातील रस्ता यांचा परस्परसंबंध काय आहे, हे आज आपल्यासमोर मांडावे असे मी योजिले आहे.

प्रथम रस्ता म्हणजे काय, याचाच विचार करू. रस्ता म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे साधन, अशी व्याख्या आपण सहज करतो. आणि ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. हमरस्त्याला ती लागू पडेल. पेठेतल्या रस्त्याला पडणार नाही. पेठेचा रस्ता हा जाण्याचा मार्ग आहे, तसाच तो थांबण्याची जागाही आहे. दुकानाच्या ओट्यावर बसून हिशेब होत असे, सौदा ठरत असे, सोयरीक जुळत असे आणि गावाची बातमीही कळत असे. पुण्याची तांबट आळी काय किंवा गावोगावच्या कासार आळ्या काय, तेथे रस्ता हा कारखान्याचा, दुकानाचा आणि घराचा सामाईक अंगणासारखा भाग होता. आपल्या भाषेत ‘वहिवाट’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. ज्याचा वापर दीर्घकाळ चालत आला, त्याचा हक्क समाज मान्य करतो, हे त्या शब्दामागील तत्त्व होय. या न्यायाने पाहिले तर रस्त्यावर सर्वांत जुनी वहिवाट पायी चालणाऱ्याची आहे. मोटार ही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील पाहुणी. तथापि या पाहुणीने आज ओटीपासून माजघरापर्यंत सारे घर व्यापले असून, मूळच्या धन्यास भिंतीला अंग चोरून चालण्याची वेळ आली आहे.

याचा परिणाम किती भयंकर आहे, हे आकड्यांवरून कळून येईल. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ जण केवळ पायी चालणारे होते. म्हणजे दररोज सुमारे नव्वद पादचारी. ज्यांच्या हाती कसलेही वाहन नाही, ज्यांच्यापासून कोणास काही धोका नाही, अशा माणसांचा हा संहार आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगून राज्यांना योग्य व्यवस्था करण्यास फर्माविले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येईल. पदपथ ही नगरपालिकेने केलेली मेहेरबानी नव्हे. तो नागरिकाचा अधिकार होय.

आता कोणी म्हणेल, की पेठेतले रस्ते आधीच अरुंद. त्यांत वाहनांनाच जागा पुरत नाही, मग पदपथास ती आणावयाची कोठून? हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. साडेतीन मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा फूट रुंदीचा एक पट्टा घ्या. वाहतूकशास्त्रज्ञांच्या सर्वमान्य अंदाजाप्रमाणे, त्या पट्ट्यातून मोटारींनी एका तासात सुमारे २,००० माणसे जाऊ शकतात. सायकलींनी सुमारे १४,०००. आणि पायी सुमारे १९,०००. तेवढाच पट्टा, तेवढाच तास; फरक एवढाच की एका माणसास मोटारीत किती जागा लागते आणि त्याच्या दोन पायांना किती लागते. जागा खरोखर कमी असेल, तर ती काटकसरीने वापरणाऱ्यास अगोदर द्यावी, की उधळपट्टी करणाऱ्यास? आपण व्यापारी माणसे आहोत. दुकानातील फळीवर कोणता माल ठेवला असता फळीचे भाडे निघेल, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. तोच हिशेब रस्त्यास लावावयाचा आहे. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचेही सूत्र हेच आहे, की वाहने हलविणे हे साध्य नसून माणसे हलविणे हे साध्य आहे.

रस्त्याची पुनर्रचना याचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. चार कुंड्या मांडल्या, रंगीत फरशा बसविल्या आणि कमान उभारली म्हणजे पुनर्रचना झाली, असे नव्हे. ते केवळ शोभाकाम होय. पुनर्रचनेत रस्त्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतच्या सर्व जागेची नव्याने वाटणी करावी लागते. पायी चालणाऱ्यास अखंड पदपथ हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक संहितेप्रमाणे त्याची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर व निर्वेध उंची २.२ मीटर असावी, आणि तो रस्त्यापेक्षा १५० मिलिमीटरहून अधिक उंच नसावा. ही उंचीची अट क्षुल्लक वाटेल. परंतु गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना आणि चाकाच्या खुर्चीतून जाणाऱ्या माणसाला तिचे मोल विचारावे. रस्ता ओलांडण्याच्या जागा ठरावीक अंतराने हव्यात. मोटारींचे पदर इतकेच रुंद हवेत की त्यांचा वेग आपोआप आवरला जाईल. बसथांब्याला, सायकलीला, रिक्षाला, माल उतरविणाऱ्या टेम्पोला आणि फेरीवाल्याला आपापली नेमलेली जागा हवी. सावलीसाठी झाडे आणि बसण्यासाठी बाके हवीत. आणि या सर्वांच्या खाली, जे डोळ्यांना दिसत नाही तेही हवे. जलवाहिनी, मलवाहिनी, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा यांची पदपथाखाली सुयोग्य मांडणी झाली नाही, तर आज केलेला रस्ता उद्या पुन्हा खणला जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

अशा रस्त्याने पेठेचा पुनर्विकास कसा होतो, हा आजच्या विषयाचा गाभा. याची कारणे चार सांगता येतील. पहिले कारण वर्दळीचे. मोटारीतून वेगाने जाणारा माणूस दुकानाच्या पाटीकडे पाहतही नाही. पायी चालणारा पाहतो, थांबतो, आत डोकावतो आणि पुष्कळ वेळा काही घेऊन बाहेर पडतो. दुसरे कारण विश्वासाचे. जुन्या घराचा मालक दुरुस्तीवर पैसा का खर्च करीत नाही? केवळ पैसा नसतो म्हणून नव्हे. शेजारचे घर पडके, समोरचे गटार उघडे, अशा ठिकाणी घातलेला पैसा परत येईल याची त्याला खात्री नसते. जो तो दुसऱ्याची वाट पाहत बसतो. नगरपालिकेने रस्त्यावर भरीव खर्च केला, की तो सर्वांस एकाच वेळी दिलेला शब्द ठरतो आणि ही कोंडी फुटते. तिसरे कारण वस्तीचे. खाली गोंगाट आणि धूर असेल तर वरच्या मजल्यावर राहावयास कोणी धजत नाही. रस्ता शांत झाला की वरचे मजले पुन्हा नांदते होतात, आणि नांदत्या मजल्यावरचे बिऱ्हाड हे खालच्या दुकानाचे कायमचे गिऱ्हाईक असते. चौथे कारण मूलभूत सोयींचे. नवी जलवाहिनी आणि नवी मलवाहिनी आल्यावाचून जुन्या पेठेत नवी इमारत उभी राहू शकत नाही. रस्ता नव्याने बांधताना ती सोय एकाच खर्चात होऊन जाते.

हे केवळ तर्कट नव्हे. याला जगाचा अनुभव आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तेथील स्ट्रॉयेट हा सुमारे एक किलोमीटरहून अधिक लांबीचा मुख्य बाजाररस्ता १७ नोव्हेंबर १९६२ पासून प्रयोगादाखल मोटारींना बंद करण्यात आला. व्यापाऱ्यांनी मोठा गहजब केला. आमचा देश थंडीचा, येथे इटलीसारखे लोक रस्त्यात कोठून रेंगाळणार, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु दोन वर्षांत प्रयोग कायम करावा लागला, कारण लोक रेंगाळू लागले आणि दुकाने भरू लागली. यान गेल या वास्तुशास्त्रज्ञाने पुढे वर्षानुवर्षे तेथे बसून माणसे मोजली. कोण चालतो, कोण थांबतो, कोण किती वेळ बसतो याच्या नोंदी केल्या. त्या नोंदींच्या बळावर नगरपालिका दरवर्षी थोडी थोडी जागा माणसांना परत देत गेली, आणि सुमारे पस्तीस वर्षांत ती जागा मूळच्या सहापट झाली. एका रात्रीत सारे शहर बदलावयाचे नसते, हा त्यातील धडा आहे.

ब्राझीलमधील कुरितिबा नगरीची कथा याहून चमत्कारिक आहे. तेथील तत्कालीन नगरप्रमुख जाइमे लेर्नेर हे स्वतः वास्तुविशारद. १९७२ साली त्यांनी नगरीचा मुख्य बाजाररस्ता पायी चालणाऱ्यांसाठी करावयाचे ठरविले. व्यापारी न्यायालयात जातील व काम अडेल, हे ओळखून एका शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केले आणि अवघ्या ७२ तासांत रस्त्याचा एक भाग तयार केला. विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांनीच थोड्याच दिवसांत, आमच्याही दुकानापर्यंत हा रस्ता वाढवा, अशी मागणी केली. मोटारवाल्यांचा एक गट मोटारी घुसवून रस्ता परत घेण्याच्या बेतात आहे अशी वार्ता आली, तेव्हा लेर्नेर यांनी रस्त्यावर लांबच लांब कागद पसरून शाळकरी मुलांना चित्रे काढावयास बसविले. पुढे कोणाची मोटार घालण्याची छाती होणार? हा उपाय अनुकरणीय आहे असे मी म्हणत नाही. लोकांना आधी विचारणे हेच श्रेयस्कर. परंतु व्यापाऱ्याची भीती अनुभवापूर्वी केवढी असते आणि अनुभवानंतर किती उरते, हे त्यावरून कळते.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे घेतो. कारण मोटारीचे माहेरघर ते. कॅलिफोर्निया राज्यात वाळवंटाच्या कडेस लँकेस्टर नावाचे दीड लाखाहून अधिक वस्तीचे शहर आहे. महामार्गालगत मोठी बाजारसंकुले झाली आणि गावातील जुनी पेठ ओस पडली. मुख्य रस्ता रुंद, परंतु मोटारी भरधाव निघून जात. थांबत कोणी नसे. २०१० साली नगरपालिकेने सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर खर्चून त्या रस्त्याच्या नऊ चौकांमधील भागाची फेररचना केली. प्रत्येक दिशेस मोटारींचा एकच पदर ठेवला आणि मध्ये झाडांनी सावली दिलेला, गरजेप्रमाणे वाहनतळ किंवा बाजार म्हणून वापरता येईल असा रुंद पट्टा निर्माण केला. काम आठ महिन्यांत पुरे झाले. मंदीचा काळ असूनही पुढील दोन-तीन वर्षांत सुमारे १३ कोटी डॉलरांचे खाजगी भांडवल त्या पेठेत आले, जवळजवळ पन्नास नवी दुकाने व व्यवसाय उघडले आणि सुमारे आठशे नोकऱ्या निर्माण झाल्या, असे तेथील नगरपालिकेचे आकडे सांगतात. अपघातांची संख्याही सुमारे निम्म्यावर आली. २०१२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कामाचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव केला. अर्थात हे सारे श्रेय एकट्या रस्त्याचे नव्हे. घरबांधणी व अन्य कामांनाही नगरपालिकेने तेथे साहाय्य केले होते. तथापि कामाचा आरंभ रस्त्याने केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आपल्या मनातील मुख्य शंकेकडे वळतो. दुकानासमोर गाडी उभी करता आली नाही तर गिऱ्हाईक येईल का? ही शंका जगातील प्रत्येक व्यापाऱ्यास आली आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली याची पाहणी झाली. तुमची किती गिऱ्हाइके मोटारीने येतात, असे दुकानदारांना विचारले; त्यांनी सरासरी ४१ टक्के सांगितली. नंतर गिऱ्हाइकांनाच विचारले, तेव्हा ती २२ टक्के निघाली. कॅनडातील टोरांटो शहराच्या ब्लूर रस्त्यावर २००९ साली अशीच पाहणी झाली. तेथे मोटारीने येणारे दहांत एक आढळले, आणि पायी किंवा सायकलीने येणारी मंडळीच अधिक वेळा येऊन महिन्याकाठी अधिक खरेदी करतात असे दिसून आले. आपल्या दारासमोर बहुधा कोणाची गाडी उभी असते? बारकाईने पाहिल्यास पुष्कळदा ती स्वतः मालकाची, नोकराची किंवा शेजाऱ्याची असते. सकाळी लागलेली ती गाडी रात्री दुकान बंद होताना निघते, आणि तेवढ्या जागेतून दिवसभरात एकही गिऱ्हाईक आत येत नाही.

आपल्या देशातही हे कार्य सुरू झाले आहे. बंगळुरूमध्ये तारा व वाहिन्या पदपथाखाली नीट मांडून रस्ते बांधण्याची पद्धत काही प्रमुख रस्त्यांवर अवलंबिली गेली, आणि २०१८ साली तेथील चर्च स्ट्रीट नव्या रूपात खुला झाला. चेन्नईच्या पाँडी बाजारात नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंद पदपथांचा नवा रस्ता लोकार्पण झाला. दिल्लीचा चांदनी चौक, जो सतराव्या शतकात शाहजहानची कन्या जहाँआरा हिने वसविला, त्याची लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतची फेररचना सप्टेंबर २०२१ मध्ये पुरी होऊन सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांस बंदी करण्यात आली. पुण्यास २०१६ साली पादचारी धोरण व रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली गेली आणि जंगली महाराज रस्त्यास रुंद पदपथ लाभले. हा तोच रस्ता, जो १९७६ साली बांधल्यानंतर कित्येक दशके खड्ड्यावाचून टिकला म्हणून पुणेकर अभिमानाने सांगतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा गजबजलेला भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा झाला, तेव्हा ऐन बाजाराच्या रस्त्यात मधोमध चालण्याचा आनंद आबालवृद्धांनी घेतला. या सर्व प्रयोगांत उणिवाही दिसल्या. रुंद पदपथांवर दुचाकी चढतात. बंदीच्या वेळा कागदावर राहतात. तुटलेली फरशी महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. बांधणे एकदाच असते, सांभाळणे रोजचे असते, हा संसारातील नियम रस्त्यासही लागू आहे.

येथवर मी गुण गायिले. आता दोषही सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण एकांगी बोलणे हे श्रोत्यांची फसवणूक ठरेल. अमेरिकेत १९५९ साली कालामाझू येथे पहिला मोटारमुक्त बाजाररस्ता झाला आणि त्याचे पाहून सुमारे दोनशे गावांनी तसेच केले. त्यांपैकी बहुतेक फसले, आणि ते रस्ते पुन्हा मोटारींना खुले करावे लागले. का फसले? आसपास राहणारी वस्तीच उरली नव्हती, बसची सोय नव्हती, आणि दुकाने आधीच गावाबाहेर गेली होती. जेथे विद्यापीठ होते, वस्ती होती, तेथील मोजके टिकले. सारांश, माणसे असतील तर रस्ता त्यांना बाहेर आणतो. नसलेली माणसे तो निर्माण करीत नाही. आपल्या पेठांत ईश्वरकृपेने माणसांची वाण नाही, म्हणून आपली स्थिती पुष्कळ आशादायक आहे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. उत्कर्ष कोणाचा, हा तो प्रश्न. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि १८९८ साली शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे प्रशस्त रस्ते काढले. समुद्राचे वारे आत यावे हा हेतू होता. मुंबईचे रूप त्याने पालटले हे खरे. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही त्याच्याच. परंतु जेवढी घरे पाडली तेवढी वेळेवर बांधली गेली नाहीत, आणि विस्थापित गरिबांनी शेजारच्या वस्त्यांत दाटी करून दिवस काढले. अलीकडे दक्षिण कोरियातील सोल शहरात २००३ ते २००५ या काळात उन्नत महामार्ग पाडून त्याखालचा चंगेचन ओढा पुन्हा उघडा करण्यात आला. साऱ्या जगाने त्याची वाहवा केली. परंतु काठावरच्या अनेक लहान व्यापाऱ्यांना दूरच्या नव्या संकुलात जावे लागले, आणि त्यांतील कित्येकांना तेथे बस्तान बसविणे परवडले नाही. रस्ता सुधारला की भाडी चढतात. भाडी चढली की जुना भाडेकरू, लहान दुकानदार आणि फेरीवाला यांच्यावर गदा येते. आपल्या ज्ञातीत घरमालक आहेत तसे भाडेकरूही आहेत. मोठ्या पेढ्या आहेत तशी एका गाळ्यावर चालणारी कुटुंबेही आहेत. मालकाचा लाभ आणि भाडेकरूचा घात, अशी सुधारणा आपल्याच पंक्तीत वाढप्याने दुजाभाव करावा तशी होईल.

येथे रुंदीकरण व पुनर्रचना यांतील भेदही सांगून ठेवतो. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागांस २०२० साली लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीचे अनुज्ञेय चटईक्षेत्र बऱ्याच अंशी समोरील रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. त्यामुळे रस्ता रुंद झाला की सारे झाले, असा समज पसरतो. परंतु रुंदीकरणात घरांची दर्शनी बाजू जाते, आणि मोकळी झालेली जागा गाड्या उभ्या करण्यातच संपली तर घर गेले, पदपथही मिळाला नाही, अशी अवस्था होते. रुंदी किती, याहून वाटणी कशी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

तेव्हा आपण काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना करतो. पेठेतील प्रत्येक दुकानदाराने एक आठवडाभर आपल्या गिऱ्हाइकास, आपण कसे आलात, एवढे विचारून वहीत टिपावे. नगरपालिकेची योजना पुढे येईल तेव्हा तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडेल. योजनेस सरसकट विरोध करण्याऐवजी आधी काही आठवडे तात्पुरते अडथळे लावून प्रयोग करा, अशी मागणी करावी. माल उतरविण्यासाठी सकाळची वेळ आणि जवळपास सामाईक वाहनतळ मागून घ्यावा. आणि काम दिवाळी किंवा लग्नसराईच्या हंगामात काढू नये, टप्प्याटप्प्याने पुरे करावे, असा आग्रह धरावा. फेरीवाल्यास शत्रू मानू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याची पाहणी करून त्यास जागा नेमून देण्याचे आणि नगर पथविक्रेता समितीत त्याला किमान ४० टक्के प्रतिनिधित्व देण्याचे बंधन घातले आहे; त्याचा लाभ घेऊन पदपथ मोकळा आणि फेरीवाला सुस्थिर, असे दोन्ही साधता येते. ज्यांच्या वाड्यांत अनेक वारस आहेत, त्यांनी कोर्टकचेरीपूर्वी आपसांत बसावे, आणि जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याचे करारपत्र आधीच करावे. या कामी ज्ञातीतील वकील व स्थापत्यविशारद यांची एक समिती मंडळाने नेमल्यास ती शिष्यवृत्तीइतकीच मोलाची सेवा ठरेल. मंगल कार्यालयांसमोर वरातीच्या गाड्या व मंडप यांनी पदपथ अडतो, तेही आवरले पाहिजे. कारण दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने आपले अंगण आधी झाडावे. आणि या सर्व विचारविनिमयात स्त्रियांना आणि वृद्धांना अग्रस्थान द्यावे. रस्त्याचा खड्डा कोठे आहे आणि अंधार कोठे आहे, हे पायी चालणाऱ्यासच ठाऊक असते.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी पाणपोया घातल्या, धर्मशाळा बांधल्या, वाटेवर झाडे लावली. वाटसरू कोणत्या ज्ञातीचा हे त्यांनी विचारले नाही. पायी चालणाऱ्याची सोय पाहणे हे पुण्यकर्म होय, ही त्यांची दृष्टी होती. आजच्या काळात निर्वेध, सावलीचा, सपाट पदपथ हीच पाणपोई आणि हीच धर्मशाळा. ती आपल्या दारापुढे व्हावी म्हणून आपण चार पावले पुढे झालो, तर तिचा लाभ साऱ्या गावास मिळेल, आणि त्या लाभात आपल्या दुकानाचा व घराचा वाटा निश्चितच असेल.